लेक म्हणते, "विमान चालवायचंय!"

कळंबच्या गच्चीवर कुरडया वाळत घालताना आभाळात विमानाची पांढरी रेघ तुम्ही पाहिली असेलच. उद्या आपलीच लेक म्हणाली, "आई, मला ते चालवायला शिकायचंय," तर? 'नको गं बाई' म्हणण्याआधी तिच्या शिक्षणातला सगळ्यात भीतिदायक वाटणारा धडा समजून घेऊ या. त्याचं नाव 'स्टॉल'.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, बरं का! रुसतो तो पंख. नळाच्या बारीक धारेला चमच्याची पाठ लावून पाहा. पाणी पाठीला धरून वळतं. चमचा जास्तच तिरपा केला, की धार सुटते. हवेचंही असंच. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपुढे गेला, की हवा पंखाची पाठ सोडते, उचल घटते आणि विमान खाली येऊ लागतं.

अशा वेळी घाबरलेला हात काय करतो? नाक आणखी वर ओढतो. नेमकं तेच घातक! १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या. सहवैमानिक नाक वर ओढत राहिला, स्टॉलची सूचना वाजत राहिली आणि सुमारे ३८,००० फुटांवरून विमान समुद्रात कोसळलं. २२८ जण गेले.

म्हणूनच हा धडा शिकाऊ वैमानिकाकडून भरपूर उंचीवर, शिक्षक शेजारी बसवून, पुन्हापुन्हा गिरवून घेतात. छोट्या सेसना विमानात आधी पिपाणीसारखा आवाज येतो, मग विमान थरथरतं. तेव्हा करायचं ते असं :

१. हातातलं कंट्रोल पुढे करून नाक खाली आणायचं. हे सगळ्यात आधी.
२. पायाखालच्या रडरने विमान वळू द्यायचं नाही. पंख सावरायची घाई नको. हवा पंखाला पुन्हा धरली, की मग ते समपातळीत आणायचे.
३. इंजिनाचा जोर वाढवायचा.
४. वेग आला, की नाक अलगद वर. हिसका दिला तर पुन्हा स्टॉल!

पूर्वी मोठ्या विमानांच्या शिक्षणात जोर वाढवून उंची टिकवण्यावर भर असे. २००९ च्या अपघातांनंतर तो बदलला. थोडी उंची गेली तरी चालेल, पण आधी नाक खाली, असं आता शिकवतात.

"पण हे बायकांचं काम का?" असं कुणी म्हणालंच, तर सौदामिनी देशमुखांचं नाव सांगा. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान त्यांनी निवेदिता भसीन यांना सोबत घेऊन नेलं. चालक दोघीही स्त्रियाच!

आपल्या राज्यात बारामती, गोंदिया इथे हे शिक्षण मिळतं. व्यावसायिक परवान्याला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च लाखांच्या घरात जातो, तेव्हा पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराच : संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, आणि विमानं व शिक्षक पुरेसे आहेत का? स्टॉलचा सराव किती वेळा करून घेतात, हेही लेकीला विचारायला सांगा. उत्तर देताना कुणी टाळाटाळ केली, तर दुसरी संस्था पाहा.