संगणकाशी बोलायचे कोणत्या भाषेत?

खडेबाजारातल्या एखाद्या साडीच्या दुकानात तासभर बसले की भाषेचा एक धडा फुकटात मिळतो. गोकाककडचे गिऱ्हाईक पायरी चढले की मालक "बर्री, कुंडरी" म्हणतो. चंदगडची बाई आली की "या वहिनी, बसा." कॅम्पातले कुणी आले की हिंदी सुरू होते, आणि शेजारच्या दुकानदाराशी बोलताना तिन्हींची मिसळ. गल्ल्यावरचा मुलगा बिल मात्र इंग्रजीत करतो. यातली तुझी आवडती भाषा कोणती, असे त्या मालकाला कुणी विचारत नाही. समोर कोण आहे यावर भाषा ठरते.

हाच बाजार आता वेबसाइट करून घेतो आहे आणि याच बाजारामागच्या गल्ल्यांतली मुले वेबसाइट करायला शिकताहेत. दोघांचा प्रश्न एकच असतो: कोणती भाषा धरायची? "सर, पायथॉन करू का जावा?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन पालकही येतात. प्रस्तुत लेखक भाषा शिकवतो, संगणक नव्हे. पण ज्या घरात आई मराठी आणि आजी कन्नड बोलते, त्या घराला हा प्रश्न वाटतो तेवढा परका नाही.

आधी थोडी ओळख करून घेऊ. वेबसाइटला दुकानासारखेच दोन भाग असतात. दर्शनी भाग गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच्या ब्राउझरमध्ये उघडतो. मागचे गोदाम दूर कुठेतरी सर्व्हरवर असते. मालाचे भाव, ऑर्डरी, नावे-पत्ते सारे तिथे. दर्शनी भागात एचटीएमएल आणि सीएसएस ही मांडणी आणि रंगरंगोटी, आणि हालचाल जावास्क्रिप्टची. तिथे निवडीला फारसा वाव नाही. ब्राउझरला थेट समजणारी प्रोग्रॅमिंगची भाषा जावास्क्रिप्टच. टाइपस्क्रिप्ट ही २०१२ साली आलेली भाषाही शेवटी जावास्क्रिप्टमध्ये उतरवूनच तिथे चालते. खरी निवड असते ती गोदामात. तिथे पीएचपी, पायथॉन, जावा, रूबी, सी-शार्प, गो, सगळ्यांना मुभा आहे. २००९ साली नोड आल्यापासून जावास्क्रिप्टही गोदामात शिरली.

१९९५ हे साल मोठे गमतीचे. जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि रूबी या चारही भाषा त्या एका वर्षात जगापुढे आल्या. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभा केला. जावाचा तेव्हा बोलबाला होता म्हणून नावात जावा घातले. एरवी दोघींचा संबंध आपला कुंदा आणि किनाऱ्यावरचे कुंदापूर यांच्याइतकाच. (जावाच्या क्लासची फी भरून जावास्क्रिप्ट येईल अशी वाट पाहणारे अजूनही भेटतात.) पीएचपीचा जन्म तर त्याहून साधा. रास्मुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थांना आपला बायोडाटा इंटरनेटवर किती जण पाहतात ते मोजायचे होते, त्यासाठी केलेली ती हत्यारे. आज ज्या वेबसाइटींच्या गोदामातली भाषा ओळखता येते, त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक पीएचपीवर चालतात. मराठी आणि कन्नड विकिपीडिया दोन्ही २००३ साली सुरू झाले. दोन्ही एकाच मीडियाविकी या पीएचपीतल्या प्रणालीवर उभे आहेत. लिपी वेगळ्या, पण खालचा पाया एक.

पायथॉन यांच्याआधीची, १९९१ची. वेबसाठी तिचे नाव झाले ते जांगो या चौकटीमुळे. ही चौकट जन्मली कुठे? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे, बेळगावहून लहान. तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत ती जन्मली. बातमी आली की काही तासांत नवे पान उभे करायचे, ही त्या कचेरीची रोजची घाई. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे तिथले दोघे आधी पीएचपीत काम करत, मग पायथॉनकडे वळले. आपल्या कामापुरती जी चौकट त्यांनी बांधली, ती २००५ साली सर्वांना खुली झाली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला या गोष्टीचे जरा जास्तच कौतुक वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

अभ्यासक्रम बदलतो तेव्हा

भाषांची फॅशन किती लवकर फिरते हे पाहायला लांब जायला नको. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे, म्हणजे व्हीटीयूचे, मुख्यालय मच्छे इथे आहे. तिथे ठरलेला अभ्यासक्रम कर्नाटकभरातली इंजिनियरिंगची असंख्य मुले शिकतात. २०१०च्या अभ्यासक्रमात 'प्रोग्रॅमिंग द वेब' हा विषय होता. त्यात जावास्क्रिप्टबरोबर पर्ल, पीएचपी आणि रूबी, एवढे सगळे एकाच सत्रात. पुढच्या अभ्यासक्रमांत पर्ल आणि रूबी गळाले, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी राहिले. २०२१च्या अभ्यासक्रमात 'फुल स्टॅक' हा विषय जांगोवर बांधला गेला. दहा-अकरा वर्षांत एवढी उलथापालथ. आणि ही फक्त एका विद्यापीठाची गोष्ट. निपाणीची मुले शेजारच्या अर्जुननगरला देवचंद कॉलेजात गेली की शिवाजी विद्यापीठाची होतात, बेळगावात पदवीला राहिली की राणी चन्नम्मा विद्यापीठाची. दोन चुलतभाऊ दिवाळीला एकत्र आले की एकाची वही दुसऱ्याच्या उपयोगाची नसते.

मग २०१०मध्ये पर्ल शिकलेल्या मुलाचे वर्ष वाया गेले का? मला तसे वाटत नाही. मजकुरात नेमका शब्द हुडकायची पर्लची जी पद्धत होती, ती जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि पायथॉन या तिघींनी थोड्याफार फरकाने उचलली. "मी घरी जातो" आणि "नानु मनेगे होगुत्तेने" या दोन वाक्यांत शब्द सगळे वेगळे, पण कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी ही बैठक एकच. म्हणून आपल्याकडचे मूल दुसरी भाषा गल्लीत खेळता खेळता उचलते. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही अट, फेरा, यादी, कामाचे तुकडे पाडणे ही बैठक सामाईक आहे. पहिली भाषा वर्ष खाते, दुसरी दोन-तीन महिने. पण त्यासाठी पहिली पुरती यावी लागते. एका महिन्यात सात भाषा शिकवण्याच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. सात भाषांत "नमस्कार" म्हणता येणे म्हणजे सात भाषा येणे नव्हे, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मराठी किंवा कन्नड माध्यमातल्या मुलांना भीती असते इंग्रजीची. ती थोडी कमी करून ठेवतो. कन्नडची वर्णमाला ४९ अक्षरांची. पायथॉनचे राखीव शब्द ३५. बाकी नावे तुमची तुम्ही द्यायची, आणि पायथॉनमध्ये व जावास्क्रिप्टमध्ये ती देवनागरीत किंवा कन्नडमध्येही चालतात. "किंमत" असे चक्क मराठीत लिहून त्यापुढे ४५० लिहिले तर संगणक तक्रार करत नाही. नोकरीत असे कुणी लिहीत नाही, पण शिकताना काय हरकत आहे?

बेळगाव किती अक्षरी?

आता आपल्या खास गरजेकडे येऊ. या बाजारातली साइट मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत चालायला हवी, आणि भाषेची परीक्षा इथे होते. "बेळगाव" हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरी. संगणक मात्र काना-मात्रा वेगळे धरतो. ब, मात्रा, ळ, ग, काना, व, असे सहा. जावास्क्रिप्टला किंवा पायथॉनला लांबी विचारली तर सहा सांगतात. पीएचपीच्या जुन्या साध्या आज्ञेला विचारले तर ती १८ म्हणते, कारण ती अक्षरे न मोजता साठवणीतले बाइट मोजते, आणि आपल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. कन्नडमधले "बेळगावि" असेच २१ बाइटांचे. पीएचपीत नीट मोजणाऱ्या वेगळ्या आज्ञा आहेत, पण त्या ठाऊक असाव्या लागतात. पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत युनिकोड मुळातच घालायचा बेत होता, तो २०१० साली सोडून दिला गेला.

यात बिघडते काय? "मल्लिकार्जुन" हे नाव घ्या, दोन्ही भाषांतल्या घरांत आढळणारे. साइट करणाऱ्याने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून नावाला २० बाइटांची मर्यादा घातली, तर पावतीवर "मल्लिक" आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन छापून येईल. बाइट सोडून चिन्हे मोजली आणि नवव्या चिन्हावर तोडले, तर "मल्लिकार्" असा पाय मोडलेला र लोंबकळत राहील. म्हणजे पायथॉन घेतली म्हणून सुटका नाही. आपले अक्षर कुठे संपते हे प्रोग्रॅमरलाच कळावे लागते.

याद्या लावायची गंमत तर आणखी आपली. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, कन्नडमध्येही तसाच शेवटी. दोन्ही भाषांनी जपलेले हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात मात्र ल च्या शेजारी, व च्या आधी बसवले आहे. त्यामुळे "कळस" आणि "कसब" हे शब्द नुसत्या आज्ञेने लावायला दिले की कळस आधी येतो. आपल्या क्रमाने तो नंतर यायला हवा. भाषेनुसार क्रम लावायची सोय जावास्क्रिप्ट, पीएचपी, जावा, पायथॉन सगळीकडे करता येते, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. कुणी मागत नाही, म्हणून मिळत नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याच भाषेच्या हातात नसतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. शोधताना कुणी बेळगाव लिहितो, कुणी बेळगावी, कुणी इंग्रजीतले जुने स्पेलिंग, कुणी नवे. ही सगळी एकच गावे आहेत हे साइटला शिकवायचे काम माणसाचे.

दुकानदाराने काय घ्यावे?

इथे माझे मत स्पष्ट आहे. दुकानदाराने भाषा विचारण्याआधी एक विचारावे: हे करून देणारा मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला गेला, तर मागे कोण बघणार? आपल्याकडे हुशार मुले गावात टिकत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. पण मुलगा जातो, साइट राहते, आणि दसऱ्याला भाव बदलायचे तर कुणाला जमत नाही. नव्या मुलाला दाखवले की तो म्हणतो, ही भाषा मला येत नाही, पहिल्यापासून करू या. पुन्हा खर्च.

म्हणून फोटो, भाव, पत्ता, व्हॉट्सॲपवर ऑर्डर, एवढेच हवे असलेल्या दुकानाला पीएचपी पुरे. त्यातही वर्डप्रेस. २००३ साली आलेल्या या प्रणालीवर जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइटी आहेत. होस्टिंग महिन्याला काही शे रुपयांत मिळते आणि ती सांभाळणारा हात गावात सापडतो. तरुण प्रोग्रॅमर तिला नाके मुरडतात, ते त्यांच्या जागी ठीक. पण गोदामाला कुलूप निवडताना किल्ली करून देणारा जवळपास आहे का हे पाहावेच लागते. डोमेनची नोंदणी मात्र मालकाने स्वतःच्याच नावावर करून घ्यावी, साइट करणाऱ्याच्या नव्हे.

शिकणाऱ्या मुलाचा हिशेब वेगळा. त्याने जावास्क्रिप्टपासून सुरुवात करावी, कारण ती कुठेही गेले तरी सुटत नाही, आणि शिकायला ब्राउझरपलीकडे काही लागत नाही. वर्षभर तीच. मग गोदामासाठी एक भाषा. मोठ्या कंपन्यांत जायचे असेल तर जावा, आकडेमोड आणि संशोधनाची ओढ असेल तर पायथॉन, गावात राहून दहा दुकानांची कामे घ्यायची असतील तर पीएचपी. रिअ‍ॅक्ट वगैरे चौकटी त्यानंतर. क्लासवाले क्रम उलटा लावतात. चौकट आधी आणि भाषा नंतर, कारण जाहिरातीत चौकटीचे नाव शोभते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो कोड लिहून देतात, जावास्क्रिप्ट आणि पायथॉन तर फारच सफाईने. मग शिकायचे कशाला, असे एका पालकांनी विचारले. दुभाष्याने केलेले भाषांतर बरोबर आहे की नाही हे ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाच कळते, एवढेच मी त्यांना म्हणालो.

क्लासची फी भरण्यापूर्वी किंवा साइटचा ॲडव्हान्स देण्यापूर्वी पालकांनी आणि दुकानदारांनी एक करून पाहावे. शिकवणाऱ्याने किंवा करून देणाऱ्याने आधी केलेली एखादी साइट उघडायला सांगावी. तिच्या फॉर्मवर "मल्लिकार्जुन" हे नाव एकदा देवनागरीत आणि एकदा कन्नडमध्ये भरावे, आणि पावतीवर ते सबंध उमटते का ते बघावे.