170 अंशांवरचं गुपित

पावडरीचे कण लेझरनं वितळवून थराथरानं वस्तू घडवायची पद्धत म्हणजे लेझर सिंटरिंग. तिच्या यंत्रात डोकावलं तर दिसते ती पांढऱ्या पावडरीची नुसती सपाट गादी. पावडर बहुधा नायलॉन-12ची असते. एकेक कण साधारण 50-60 मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचा. रोलर 0.1 मिलिमीटरचा थर पसरतो, लेझरचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त ठिपका त्यावर आकृती गिरवतो, गादी थरभर खाली सरकते आणि पुन्हा तेच. 1980च्या दशकात टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या शाखेत कार्ल डेकर्ड या विद्यार्थ्यानं आणि त्याचे प्राध्यापक जो बीमन यांनी ही पद्धत घडवली.

यात ना गोंद, ना दाब. मग कण जोडतं कोण? लेझरचा ठिपका एका जागी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही थांबत नाही. तो कण वितळवून पुढे निघून जातो; जोडणीचं काम कणांवरच सोडून. अळूच्या पानावर दोन थेंब टेकले की एकमेकांत मिसळून जातात, तसंच इथं घडतं. पृष्ठताणाला पृष्ठभाग कमी करायची घाई असते. दोन वितळलेले गोळे टेकतात तिथं चिंचोळी मान तयार होते, ती रुंदावत जाते, आणि दोघांचा एक गोळा होतो. फक्त वितळलेलं नायलॉन पाण्यापेक्षा लाखो पट दाट, त्यामुळे सगळं रेंगाळत चालतं. या रेंगाळण्याचं गणित याकोव फ्रेंकेल या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञानं 1945 सालीच मांडलं होतं: सुरुवातीच्या टप्प्यात मान दुप्पट रुंद व्हायला चौपट वेळ लागतो.

पण लेझर गेल्यावर हा वेळ मिळतो कुठून? खरी गंमत इथं आहे. ही पावडर साधारण 185 अंश सेल्सिअसला वितळते. मात्र एकदा वितळली की थंड होताना 150 अंशांच्या आसपास येईपर्यंत गोठायला तयार नसते. म्हणून गादी आधीच 170च्या घरात तापवून ठेवतात. लेझरला वरचे थोडेच अंश चढवायचे असतात. तो गेला की वितळलेला भाग पुन्हा 170वर येतो, तरी द्रवच राहतो. त्याला खेटून बसलेली, लेझरचा स्पर्श न झालेली पावडर त्याच तापमानाला घन! एकच पदार्थ, एकच तापमान आणि दोन अवस्था शेजारी-शेजारी. मला तरी हे यंत्रापेक्षा मोठं नवल वाटतं.

याच सवडीत नायलॉनचे लांबलचक रेणू आपल्या कणाची हद्द ओलांडून शेजारच्या रेणूंत सरपटत शिरतात, गुंततात. मान नुसती रुंद झाली म्हणून वस्तू मजबूत होत नाही. हा गुंता व्हावा लागतो. कडेला मात्र न वितळलेले कण त्या दाट द्रवात अर्धवट रुततात. तयार वस्तूवर बोट फिरवलं की जाणवणारा खरखरीतपणा त्यांचाच.

उरलेली पावडर पुन्हा वापरतात, पण ती तासन् तास तापलेली असते. घन अवस्थेतही तिच्या रेणूंच्या साखळ्यांची टोकं एकमेकांना जोडली जातात, साखळ्या लांबतात आणि पुढच्या खेपेला वितळल्यावर ती आणखी दाट होते. मानेला रुंदावणं जड जातं, वस्तूचा पृष्ठभाग खडबडीत, खाचखळग्यांचा निघतो. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक खेपेला जुन्या पावडरीत ताजी मिसळतात.