एका सेंटिमीटरची तिहेरी उडी

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यात डवरणी-निंदणीची लगबग. पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली, सोयाबीन फुलावर येऊ पाहतेय, आणि त्याच सुमारास शाळांतून तालुका क्रीडा स्पर्धांसाठी मुलांची नावे लिहून घेतात. अशाच एखाद्या संध्याकाळी पोरगा घरी येऊन सांगतो, "बाबा, माझं नाव तिहेरी उडीत घातलं." हातपाय धुता धुता बाप विचारतो, "हे काय असते बाप्पा?"

प्रश्न रास्त आहे. कुस्ती, कबड्डी, धावणे आपल्याला ठाऊक. तिहेरी उडी फारशी कुणी पाहिलेली नसते. पण याच खेळाने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच भारताला एक मोठा दिवस दाखवला आहे. म्हणून हा खेळ काय आहे, त्यात आपल्या माणसांनी काय मिळवले, काय गमावले आणि आपल्या पोराने तो खेळायचा तर घरच्यांनी काय सांभाळावे, ते आज पाहू.

बर्मिंगहॅमचा तो दिवस

७ ऑगस्ट २०२२. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा चालू होत्या. पुरुषांच्या तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत तीन भारतीय उतरले होते. केरळचे दोघे, एल्डोस पॉल आणि अब्दुल्ला अबूबकर, आणि तामिळनाडूचा प्रवीण चित्रावेल.

एल्डोसची सर्वांत लांब उडी भरली १७.०३ मीटर, अब्दुल्लाची १७.०२ मीटर. सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही भारताकडे, आणि दोघांत अंतर एका सेंटिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे! बर्म्युडाच्या पेरिंचिफने १६.९२ मीटरवर कांस्य घेतले. प्रवीण १६.८९ मीटरवर चौथा राहिला. तीन सेंटिमीटरने त्याचे पदक हुकले. पहिल्या आणि चौथ्या क्रमांकात पुरती एक वीतही नव्हती. राष्ट्रकुल स्पर्धांत तिहेरी उडीचे सुवर्ण भारताला मिळाले ते पहिल्यांदाच.

आदल्याच दिवशी त्याच मैदानावर आपल्या महाराष्ट्राच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकले होते. तो आष्टी तालुक्यातला. आपल्या जिल्ह्यातली आष्टी नव्हे, बीडची. त्याचे सुवर्ण हुकले एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. मोठ्या मैदानावर हिशेब असा चिंचोळा असतो.

सतरा मीटर म्हणजे किती, ते शेतकऱ्याच्या मापाने सांगतो. चार फुटांवर लावलेल्या पऱ्हाटीची चौदा तासे ओलांडायची, आणि त्यात पाय जमिनीला लागणार फक्त दोनदा.

लंगडी, ढांग आणि उडी

नाव तिहेरी असले तरी ही तीन वेगळ्या उड्यांची बेरीज नाही. खेळाडू वेगाने धावत येतो आणि लाकडी फळीवरून एका पायाने उठतो. पहिल्यांदा तो ज्या पायाने उठला त्याच पायावर उतरतो, ही लंगडी. तिथून दुसऱ्या पायावर उतरतो, ही ढांग. आणि त्या पायावरून उसळून रेतीच्या खड्ड्यात झेपावतो, ही उडी. उजव्याने उठला तर उजवा, उजवा, डावा असा क्रम. क्रम चुकला किंवा पाय फळीच्या पुढच्या कडेपलीकडे गेला की उडी बाद. मोजमाप त्या कडेपासून रेतीतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत करतात. झेप लांब पडली पण मागे हात टेकला, तर हाताची खूण धरली जाते.

खेळ जुना आहे. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले, तेव्हा पहिला विजेता ठरला तो तिहेरी उडीतलाच, अमेरिकेचा जेम्स कॉनोली. त्याने १३.७१ मीटर अंतर तोडले. स्त्रियांना मात्र ऑलिम्पिकमध्ये ही उडी मारायला १९९६ पर्यंत थांबावे लागले. आज आपल्या मुलीही शाळेच्या मैदानावर ती मारतात, आणि लहानपणापासून अंगणात लंगडी खेळलेल्या पोरीला तोल शिकवावा लागत नाही.

मधला पाऊल विसरू नका

या खेळाचे मर्म मधल्या ढांगेत आहे. पुरुषांचा जागतिक विक्रम इंग्लंडच्या जोनाथन एडवर्ड्सच्या नावावर आहे. ७ ऑगस्ट १९९५ रोजी स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला त्याने १८.२९ मीटर उडी मारली. तिचे तीन भाग असे होते: लंगडी ६.०५ मीटर, ढांग ५.२२ मीटर, शेवटची झेप ७.०२ मीटर. मधला भाग आखूड असला तरी मोडलेला नाही. पहिल्या दोन्हींच्या जोडीने उभा आहे.

नवशिका पोरगा नेमके उलटे करतो. पहिल्याच लंगडीत सगळा जोर लावून उंच उडतो आणि तितक्याच जोरात खाली आदळतो. गुडघा वाकतो, धावण्याचा वेग मरतो, ढांग जेमतेम एक पाऊल होते आणि झेपेला काहीच उरत नाही. तिफणीचा एक फण खोल गेला की त्या तासातले बी दबते, तसे हे आहे. तिन्ही फण सारखे चालले तर पेरणी साधते.

याचा सराव घरच्या घरी होतो. गवताळ जागेवर पाच-सात पावलांची धाव घ्यायला लावा. उतरण्याच्या जागी चुन्याच्या खुणा करा. पोरगा उडी मारताना तुम्ही डोळे मिटून फक्त आवाज ऐका. ठप, ठप, ठप असे तिन्ही आवाज सारख्या अंतराने आले, तर ताल बसतो आहे. पहिल्या ठपनंतर लांब पोकळी आणि मग दोन ठप घाईने आले, तर लंगडी कमी करायला सांगा.

लंडनची एक थंड दुपार

बर्मिंगहॅमच्या सुवर्णाआधीची चौऱ्याहत्तर वर्षे जुनी एक हकीकत प्रत्येक आईबापाने ऐकावी अशी आहे. १९४८ साली स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ लंडनला गेला. त्यात हेन्री रिबेलो हा एकोणीस वर्षांचा तरुण होता. त्याच वर्षी भारतात त्याने १५.२९ मीटर उडी मारली होती आणि पदकाच्या दावेदारांत त्याचे नाव घेतले जात होते.

तो अंतिम फेरीत पोहोचला. अंग गरम करून पहिल्या उडीसाठी तो उभा राहिला, तोच एका अधिकाऱ्याने त्याला थांबवले. मैदानावर दुसऱ्या स्पर्धेचा पदकदान समारंभ व्हायचा होता. हवा थंड होती, उभ्या उभ्या अंग निवले. समारंभ आटोपताच तो पूर्ण वेगाने धावला आणि मांडीच्या मागचा स्नायू फाटला. स्पर्धा तिथेच संपली.

त्या दिवशी स्वीडनच्या आर्ने ओमानने १५.४० मीटरवर सुवर्ण घेतले, आणि कांस्यपदक गेले ते १५.०२ मीटरला. रिबेलोच्या भारतातल्या उडीपेक्षा पाव मीटरने कमी! रिबेलो पुढे हवाई दलात अधिकारी झाले, खेळाची सेवा केली. पण ते पदक गेले ते गेलेच.

यातून घ्यायचे ते इतकेच: थांबावे लागले तर पुन्हा धावून, पाय हलवून अंग गरम करायचे, मग पंच कितीही घाई करोत. तालुक्याच्या स्पर्धेत मुले तासन् तास नंबरची वाट पाहत बसतात आणि नाव पुकारले की उठून थेट पळतात. रिबेलोंचे जे लंडनला झाले ते आर्वी-हिंगणघाटलाही होऊ शकते.

पायाखालची जमीन

लांब उडीत खेळाडू एकदाच उतरतो आणि तोही रेतीत. तिहेरी उडीत पहिली दोन उतरणे कडक जमिनीवर होतात, आणि त्या क्षणी एका पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक भार येऊ शकतो. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, जागा. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळा पाय मुरगळतो. धावपट्टी दाबलेल्या मुरुमाची किंवा गवताची असावी. डांबरी रस्ता आणि सिमेंटचे खळे या सरावासाठी वर्ज्य समजा.

दुसरी, फळीचे अंतर. मोठ्या स्पर्धांत पुरुषांची फळी रेतीपासून १३ मीटरवर आणि स्त्रियांची ११ मीटरवर असते. शाळकरी मुलाला तिथून उडवले तर तो रेतीपर्यंत पोहोचणारच नाही, शेवटची झेप कडक जमिनीवर पडेल. त्याच्यासाठी खूण सात ते नऊ मीटरवर आणा.

तिसरी, रेती. बांधकामातून उरलेली रेती चाळून, गोटे-काचा काढून टाका, आणि प्रत्येक उडीआधी फावड्याने मोकळी करून सपाट करा. पावसाने बसलेली रेती जमिनीइतकीच कडक होते.

चौथी, वय. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. पूर्ण धाव घेऊन उड्या आठवड्यातून एक-दोनदाच पुरेत. बाकीचे दिवस धावणे, दोरीवरच्या उड्या, लंगडी. गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले किंवा सूज आली, तर तेल चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका. विश्रांती द्या, आणि दुखणे राहिले तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा.

उडी मारून पोट भरते का?

हा प्रश्न घरात निघणारच. एल्डोसची आई तो लहान असतानाच गेली, आजीने त्याला वाढवले. पुढे तो नौदलात लागला. अब्दुल्ला हवाई दलात आहे, अविनाश साबळे सैन्यात. प्रवीण शेतमजुराचा मुलगा. बर्मिंगहॅमला तो चौथा राहिला, पण वर्ष पुरते लोटायच्या आत, मे २०२३ मध्ये, क्युबातल्या हवानाला त्याने १७.३७ मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रम केला. खेळातून नोकरीची वाट उघडते हे खरे. पण त्या वाटेने शेवटपर्यंत जाणारे थोडेच, हेही खरे. म्हणून अभ्यास सोडून उडी नको आणि उडीच्या नावाने बोलणीही नकोत.

पोरगा तालुक्याला पहिला आला नाही तरी हरकत नाही. तो घरी आला की "कितवा आलास?" हे मागून विचारा. आधी विचारा, "पाय दुखत नाही ना?" आणि मग म्हणा, "चल, मधली ढांग दाखव."