एंटरप्राइझचं वय काढायचं कसं?

सरकारी नोकरीत लागलेल्या माणसाचं सेवापुस्तक असतं. रुजू झाल्याची तारीख, बदल्या, बढत्या, निवृत्ती, सगळं त्यात ओळीनं नोंदलेलं. ‘स्टार ट्रेक’मधल्या एंटरप्राइझ या अंतराळयानाचं असं पुस्तक कुणी ठेवलंच नव्हतं. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली, तेव्हा तिचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी कथेचं साल मुद्दाम मोघम ठेवलं होतं. त्यासाठीच ‘स्टारडेट’ नावाची कालगणना वापरली गेली. तिच्यावरून ना साल कळायचं, ना शतक.

राहिलेलं सेवापुस्तक चाहत्यांनी लिहायला घेतलं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, लिहिणं आणि भांडणं दोन्ही चालू आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा मला ते यान नुसतं आवडलं होतं. हा वाद कसा चालतो ते पुढे समजत गेलं, तसा त्या यानावर जीव जडला. म्हणून एकच प्रश्न घेऊन तो वाद पायरीपायरीनं पाहू.

‘स्टार ट्रेक ३’ या १९८४च्या चित्रपटात ॲडमिरल मॉरो यानाचा जुना कॅप्टन कर्क याला सांगतो की एंटरप्राइझला वीस वर्षं झाली, आता ते मोडीत निघणार. हे वीस वर्षांचं वय खरं आहे का?

आधी पुराव्यांची उतरंड

चाहत्यांचा पहिला नियम असा, की पडद्यावर दिसलं किंवा ऐकू आलं ते सगळ्यात वरचं. त्याखाली निर्मात्यांची टाचणं आणि आराखडे. त्याखाली परवान्यानं छापलेली पुस्तकं. चाहत्यांचे स्वतःचे तर्क सगळ्यात खाली. वरच्या पुराव्याशी खालचा भिडला, तर खालचा माघार घेतो.

ही उतरंड कायमची नसते. रॉबर्ट एप्रिल हे नाव रॉडनबेरींच्या १९६४च्या मूळ आराखड्यात कॅप्टनसाठी होतं. १९७४च्या ॲनिमेटेड भागात तो एंटरप्राइझचा पहिला कॅप्टन म्हणून आला. पण ती ॲनिमेटेड मालिका ग्राह्य धरायची की नाही यावरच अनेक वर्षं वाद होता. अखेर २०२२च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेत एप्रिल हाडामांसाचा ॲडमिरल होऊन पडद्यावर उभा राहिला आणि सेवापुस्तकाचं पहिलं पान पक्कं झालं.

मग वर्षांची बेरीज

साल मिळत नसलं तरी दोन घटनांमधलं अंतर संवादांतून मिळतं. १९६६च्या ‘द मेनॅजरी’ या जोडभागात एंटरप्राइझची एक जुनी सफर दाखवली आहे. कॅप्टन पाइकच्या हाताखालची ही सफर तेरा वर्षांपूर्वीची, असं तिथे स्पष्ट सांगितलं जातं. पाइकबरोबर आपण किती काळ काढला, याचा यानावरच्या स्पॉक या अधिकाऱ्यानं दिलेला हिशेब तर दिवसापर्यंत चोख आहे: अकरा वर्षं, चार महिने, पाच दिवस.

त्याच हंगामात ‘स्पेस सीड’ या भागात कर्कची खान नूनियन सिंगशी गाठ पडते. १९८२च्या दुसऱ्या चित्रपटात खान परततो, तेव्हा मध्ये पंधरा वर्षं गेल्याचं सांगितलं जातं. तिसरा चित्रपट दुसऱ्याला लागूनच सुरू होतो.

आता बेरीज करा. तेरा आणि पंधरा मिळून अठ्ठावीस. म्हणजे मॉरो वीस वर्षं म्हणतो तेव्हा यान निदान अठ्ठावीस वर्षांचं आहे. शिवाय पाइकच्या त्या सफरीत ते नवं कोरं नव्हतंच. खलाशी नुकतेच एका लढाईतून थकून आले होते.

खुंटी कुठे ठोकायची?

अंतरं मिळाली, तरी ती टांगायला एक पक्कं साल हवं. ते १९८८मध्ये मिळालं. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या एका भागात डेटा हे पात्र चालू साल २३६४ असल्याचं सांगतं. मग मायकेल आणि डेनिस ओकुडा यांनी १९९३च्या ‘स्टार ट्रेक क्रॉनॉलॉजी’त जुन्या मालिकेसाठी सोपी रीत धरली: भाग प्रसारित झाला त्या सालात तीनशे मिळवायचे. १९६७चा भाग म्हणजे २२६७. यान कार्यरत झाल्याचं साल त्यांनी २२४५ धरलं, आणि दुसरा व तिसरा चित्रपट २२८५मध्ये बसवले.

इथे एका बाटलीची साक्ष निघते. खानच्या गोष्टीतली पंधरा वर्षं २२६७मध्ये मिळवली तर २२८२ येतं. पण त्याच चित्रपटात डॉक्टर मॅकॉय कर्कला वाढदिवसाला परग्रहावरच्या रोम्युलन लोकांच्या मद्याची बाटली देतो आणि कर्क तिच्यावरचा आकडा वाचतो, २२८३. मद्य गाळल्याचं साल असेल, तर चित्रपट त्यानंतरचाच. काही जण म्हणतात, आकडा रोम्युलन कालगणनेतला असेल. एका चिठ्ठीवर एवढा खल होतो, कारण सगळा हिशेब तिच्यापाशी तीन वर्षांनी सरकतो.

न जुळणारं जुळवताना

२२४५ ते २२८५, म्हणजे चाळीस वर्षं. मॉरो म्हणतो वीस. इथे ‘लेखक चुकला’ म्हणून मोकळं होता येतं. १९६६ ते १९८४ ही अठरा वर्षं होतात, तेव्हा मालिकेचंच वय ओघात तोंडी आलं असणार. पण ‘यानाच्या जगात राहून उत्तर द्या’ हा खेळाचा दुसरा नियम आहे.

एक गट १९७९च्या पहिल्या चित्रपटाकडे बोट दाखवतो. तिथे यानाची अठरा महिने पुनर्बांधणी होते आणि ते जवळजवळ नवंच होतं. पण ती धरली तर वय वीसही भरत नाही. दुसरा गट ‘व्हॉयेजर’ या स्टार ट्रेक मालिकेतल्या २००१च्या एका भागाचा आधार घेतो. त्यात कर्कची पाच वर्षांची मोहीम २२७०मध्ये संपल्याचं सांगितलं आहे. म्हणजे ती सुरू झाली २२६५मध्ये, आणि तिथून २२८५पर्यंत बरोबर वीस. मॉरो कर्कशी बोलतोय, तेव्हा त्यानं मोजली ती कर्कच्या एंटरप्राइझची वर्षं. मला हा अर्थ पटतो, कारण तो कुठलाच पुरावा फेकून देत नाही.

हीच शिस्त यानांच्या क्रमांकांनाही लागते. एंटरप्राइझ एनसीसी-१७०१. पण १९६७च्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागात त्याच घडणीचं ‘कॉन्स्टेलेशन’ दिसतं एनसीसी-१०१७ म्हणून. पडद्यामागची गोष्ट साधी आहे. दुकानात मिळणारा एएमटी कंपनीचा प्लास्टिकचा संच जोडून ते यान केलं होतं आणि संचातल्या १७०१च्या आकड्यांची अदलाबदल केली होती. पण पडद्यावरचा आकडा वरचा पुरावा, त्यामुळे तो पुसता येत नाही. मग प्रश्न उरतो: एवढा लहान क्रमांक म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं यान उभारलं का, की क्रमांक बांधणीच्या क्रमानं देतच नव्हते?

वादाचं चीज

अशा वादातून काय हाती लागतं, याचं उत्तर वॉशिंग्टनमध्ये आहे. चित्रीकरणात वापरलेलं एंटरप्राइझचं मूळ अकरा फुटी मॉडेल १९७४मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलं. २०१४ ते २०१६मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा संग्रहालयापुढेही हाच पेच होता: कोणत्या काळातलं एंटरप्राइझ खरं मानायचं? ऑगस्ट १९६७चं रूप ठरलं, कारण चित्रीकरणासाठीचे शेवटचे ज्ञात बदल तोवर झाले होते. ते रूप नेमकं कसं होतं हे शोधायला संग्रहालयानं लोकांकडे जुने फोटो मागितले, आणि चाहत्यांनी जपलेले फोटो कामी आले.

यान खोटं, पण त्याची नोंद ठेवणाऱ्यांनी हातचं काही राखलं नाही आणि पदरचं काही घुसडलं नाही. म्हणून त्यांच्या पेटीतला फोटो संग्रहालयाच्या टेबलावर पुरावा म्हणून मांडता आला.