विश्लेषण : भेगाळलेल्या जमिनीचा फोटो म्हणजे दुष्काळाचा पुरावा? मोहोळच्या काळ्या रानातल्या भेगा काय सांगतात?

न्यूजरूमच्या फोटो लायब्ररीत 'दुष्काळ' असं टाइप केलं की पहिल्याच ओळीत भेगाळलेली जमीन येते. अशा फोटोंवर बहुतेकदा ना गावाचं नाव असतं, ना तारीख. उन्हाळ्यात मोबाइलवर काढलेले असेच फोटो स्टेटस आणि रील्समध्येही फिरतात. त्यातली नक्षी सुंदर असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मोहोळ तालुक्यातली काळी जमीन चांगला पाऊस झालेल्या वर्षीही मार्च-एप्रिलमध्ये भेगाळते. मग फोटोतली भेग नेमकं काय सांगते?

जमिनीला भेगा का पडतात?

दख्खनच्या पठारावरचा बेसॉल्ट खडक झिजून ही काळी माती तयार झाली आहे. तिच्यात मोंटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. या खनिजाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी या पानांमध्ये शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. आकसताना ती खाली दबू शकते, पण आडवं सरकायला तिला जागा नसते. शेजारची मातीही तेवढ्याच जोरानं आपल्याकडे ओढत असते. ताण सहन होईनासा झाला की जमीन फाटते. खोल काळ्या रानात ही भेग अर्धा मीटर, कधी त्याहूनही खोल जाते.

वरचा भुगा भेगांत पडतो, पावसाळ्यात माती फुगून तो पुन्हा वर ढकलला जातो. ही जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते असं म्हणतात ते यामुळेच.

नक्षी वेगवेगळी का दिसते?

चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा आधी एक लांब भेग पडते आणि दुसरी तिला जवळपास काटकोनात येऊन मिळते. जोड इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजला आणि वाळला, तर जोड हळूहळू 'वाय'सारखे होतात आणि षटकोनी नक्षी उमटते. ल्युकस गोएरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रयोगशाळेत हे दाखवलं. त्यांनी वापरलेली बेंटोनाइट माती आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली, मोंटमोरिलोनाइटची. थर जाड असेल तर ढेकळं मोठी, पातळ असेल तर लहान.

हा नियम पृथ्वीपुरता नाही. क्युरिऑसिटी रोव्हरला मंगळावर सापडलेल्या षटकोनी भेगांवरून, तिथे सुमारे ३६० कोटी वर्षांपूर्वी ओलं-कोरडं ऋतुचक्र असावं असा निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. थोडक्यात, शास्त्रज्ञ फोटोतले कोन मोजून हवामान वाचतात.

भेगा पुराच्याही असतात?

असतात. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीला महापूर आला. मोहोळ, माढा, करमाळा तालुक्यांतली नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली आणि सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक लांबोटीजवळ थांबवावी लागली. असा पूर ओसरला की मागे गाळ राहतो. त्याचा वरचा बारीक थर आधी वाळून जास्त आकसतो, म्हणून खपल्यांच्या कडा पापडासारख्या वर वळतात. या खपल्यांचा क्लोजअप काढून 'पाण्यासाठी तहानलेली धरती' असं लिहिलं तर कुणाला शंकाही येणार नाही. आणि पिकावर गाळ बसलेल्या शेतकऱ्याची कहाणी मात्र उलटी होऊन जाईल.

मग काळजीची भेग कोणती?

मे महिन्यात मोकळ्या रानात पडलेली नव्हे. काळजीची भेग ती, जी डिसेंबर-जानेवारीत उभ्या ज्वारीत दिसते. रब्बी ज्वारी परतीच्या पावसानं जमिनीत साठवलेल्या ओलीवर वाढते. प्रसिद्ध 'मालदांडी ३५-१' हे वाण १९३०च्या दशकात मोहोळलाच स्थानिक मालदांडीतून निवडलं गेलं, ते याच कोरडवाहू रानासाठी. कणीस पोटरीत असताना भेगा रुंदावल्या की खोलातली ओल बाष्प होऊन उडते आणि मुळंही तुटतात. म्हणूनच पीक आठ आठवड्यांचं झालं की दातेरी कोळप्यानं कोळपणी करून भेगा बुजवण्याची शिफारस आहे. अशा शेताचा फोटो दिसायला फारसा नाट्यमय नसतो. बातमी मात्र त्यातच असते.

सरकार भेगा पाहून दुष्काळ ठरवतं?

नाही. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार पाऊस, पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतली ओल आणि पाणीसाठा पाहिला जातो. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला होते, मोहोळ नव्हता. नंतर नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. माढा आणि मोहोळ यांच्या शिवेवर भेगांची नक्षी बदलत नाही, हे वेगळं सांगायला नको.

फोटो काढायचा तर कसा?

सकाळी साडेसातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर काढा. तिरप्या उजेडात भेगेची सावली पडते आणि खोली दिसते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. काळी माती पाहून कॅमेरा फ्रेम उगाच उजळ करतो, त्यामुळे एक्स्पोजर थोडं खाली ओढा. एचडीआर बंद ठेवा, नाहीतर भेगेतला अंधार उजळून ती उथळ वाटते. नक्षीसाठी मोबाइल जमिनीला अगदी समांतर धरा.

एक फोटो नक्षीचा, तर दुसरा मापाचा काढा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते भेगेशेजारी ठेवा. खोलीसाठी ज्वारीचं धाट आत सोडून बघा. हात घालू नका, कारण फुरसं आणि विंचू उन्हाळ्यात अशाच सावलीत बसतात. तिसरा फोटो मागे सरकून घ्या. त्यात बांध, झाड, विहीर असं ओळखीचं काहीतरी आणि पीक असेल तर पीकही दिसू द्या. रान कुणाचं आहे ते विचारून आत जा.

आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. त्यात मूळ फाइलमधली ठिकाण-वेळेची नोंद गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती टिकते.