दहा बाय बाराचं थिएटर

तुमच्यापैकी कुणी दिव्याला राहतं का? कोकणात जाणाऱ्यांना दिवा ठाऊक असतो तो सावंतवाडीच्या गाडीमुळे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला इथे एक फाटा वसईकडे फुटतो आणि दुसरा पनवेलकडे. त्यामुळे गाड्यांची वर्दळ कायमचीच. माझ्या ताईचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. गाडी आली की त्या घरात बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो आणि गाडी गेली की उरलेलं अर्धं वाक्य पुरं करतो. पाहुण्यांना याची गंमत वाटते. घरच्यांना आता ते लक्षातही येत नाही.

दिवाळीच्या आधी याच घरातून भाच्याचा फोन आला. भाचा आठवीत आहे.

"मामा, आम्ही होम थिएटर घेतोय! सहा स्पीकरवालं! आणि मोठा टीव्ही! बाबांनी दुकानात हजार रुपये बयाणापण दिलाय. तू रविवारी ये."

मी गेलो तर घरात तीन पक्ष पडलेले. भाच्याला सहा स्पीकर हवे होते. भाऊजींचं म्हणणं, स्पीकर राहू देत, आधी टीव्ही बदलू, कारण वर्षभरापूर्वी घेतलेल्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर चित्र धुरकट दिसतं. "हाय डेफिनिशन म्हणून घेतला, पण जुन्या डब्यासारखाच दिसतो. दुकानदार म्हणाला, पंचावन्न इंची फोर-के घ्या." आणि ताई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "त्या भिंतीपलीकडे आजींची खाट आहे."

शेजारच्या आजी नऊ वाजता झोपतात. आमच्या ताईच्या नळाचं पाणी गेलं की कळशीभर पाणी याच आजी देतात. तेव्हा हा मुद्दा साधा नव्हता.

आधी मी टीव्हीच्या मागे डोकावलो. तिथे काय दिसलं असेल? सेट टॉप बॉक्समधून निघून टीव्हीत शिरलेल्या तीन तारा, पिवळी, लाल आणि पांढरी. चोर सापडला!

ही भानगड नीट समजून घ्या, कारण ती तुमच्याही घरी असू शकते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनवर रंग आले. त्या काळापासून आपल्याकडे टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या रेषांचं होतं आणि त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या रेषा सुमारे ५७५. डिजिटल भाषेत सांगायचं तर ते चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. पूर्ण हाय डेफिनिशन चित्र १९२० गुणिले १०८० चं, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. भागाकार करून बघा, बरोबर पाचपट येतील. जपानमध्ये अशा बारीक चित्राचे प्रयोग १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर लगेच सुरू झाले होते. आपल्या दूरदर्शनने हाय डेफिनिशन प्रसारण केलं ते २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी.

आता पिवळ्या तारेकडे या. ती तार जुन्या, ५७६ रेषांच्या जमान्यातली. चित्र वाहते ती पिवळी. लाल आणि पांढरी आवाज वाहतात. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत केबल डिजिटल करायची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्या सुमाराला घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, पण पुष्कळ घरांत बॉक्स टीव्हीला जोडताना तीच पिवळी तार राहिली. म्हणजे टाकी मोठी आणि नळ करंगळीएवढा! बॉक्स हाय डेफिनिशनचा, टीव्ही हाय डेफिनिशनचा, आणि मधली तार पाचातले चार भाग दारातच अडवणारी.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एचडीएमआय तार आणली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर नेलं आणि एचडी असं लिहिलेलं चॅनेल लावलं. (चॅनेलच साधं असेल तर तार काही जादू करत नाही.) क्रिकेटचा सामना चालू होता. भाऊजी पुढे वाकून म्हणाले, "अरे, गवत दिसतंय!"

"बाबा, तरी फोर-के घेऊया ना," भाचा म्हणाला. मी म्हटलं, "घेऊया की. आधी तुझे डोळे मोजू."

हा प्रयोग तुम्हीही करा. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा ओढा आणि दोन रेघांमध्ये एक मिलिमीटरच फट ठेवा. कागद भिंतीला चिकटवा आणि मागे मागे सरकत जा. एका ठिकाणी रेघा संपतात आणि कागद नुसता राखाडी दिसतो. चांगल्या नजरेला हे साधारण अकरा-बारा फुटांवर होतं. भाचा मागे सरकत दाराला टेकला तेव्हा कुठे त्याच्या रेघा विरल्या. (माझ्या फार आधीच विरल्या. चष्मा बदलायला झालाय.)

आता गणित करा. त्रेचाळीस इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. त्यात १९२० ठिपके, म्हणजे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एक मिलिमीटर बारा फुटांवर विरतो, तर अर्धा मिलिमीटर सहा फुटांवर विरणार. ताईचा सोफा टीव्हीपासून आठ फुटांवर आहे. म्हणजे आत्ताचे ठिपकेसुद्धा तिथून सुटे दिसत नाहीत. त्याच आकाराच्या फोर-के टीव्हीचे ठिपके आणखी निम्मे. ते बघायचे तर तीन फुटांवर नाक न्यावं लागेल. पंचावन्न इंची टीव्हीचं हेच गणित तुम्ही करून बघा. पूर्ण हाय डेफिनिशनचे ठिपके आठ फुटांच्या सीमेवर येतात, म्हणजे फोर-केचा फायदा जेमतेम. महागड्या टीव्हीत रंग आणि उजेड सरस असतात हे खरं. पण न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी बोनस उडवायचा का, हा प्रश्न मी भाऊजींवर सोडला. त्यांनी टीव्हीचा विषय तिथेच संपवला.

दुपारी आम्ही दुकानात गेलो. खोक्यावर भलामोठा आकडा होता, '२००० वॅट पीएमपीओ'. भाच्याचे डोळे चमकले. मी त्याला म्हटलं, "मागची पट्टी वाच." तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं, वीज लागते ६० वॅट.

"ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आठवतो का?"

"ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि..." भाचा म्हणता म्हणता थांबला. "मामा, साठ आत जातात, मग दोन हजार बाहेर कसे येतात?"

येतच नाहीत! पीएमपीओ म्हणजे क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यात निघू शकेल असा कल्पनेतला कमाल आकडा आणि तो मोजायची सर्वमान्य रीतच नाही. जो कारखाना जितका उदार, तितका आकडा मोठा. बघायचा तो आरएमएस वॅटचा आकडा. तोच यंत्र सतत देऊ शकतं. आणखी एक गोष्ट, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला थोडासाच जास्त वाटतो. दहा बाय बाराच्या खोलीला पंधरा-वीस खरे वॅट भरपूर होतात.

दुकानदाराची एक युक्तीही सांगून ठेवतो. दोन यंत्रं ऐकवताना जे विकायचं असेल ते तो किंचित मोठ्याने लावतो. आपल्या कानाला मोठा आवाज चांगला आवाज वाटतो. म्हणून "दोन्ही सारख्याच आवाजात लावा" असं म्हणायचं आणि मारामारीच्या दृश्याऐवजी कुणीतरी नुसतं बोलतंय असं दृश्य लावायला सांगायचं. ज्यातून बोलणं स्वच्छ कळतं ते यंत्र घ्यायचं. रुळांशेजारच्या घरात तर नक्कीच, कारण शब्द कळले नाहीत की माणूस आवाज वाढवतो.

आता राहिले भाच्याचे सहा स्पीकर. ही कल्पना सिनेमा थिएटरातून आली. १९७५ च्या 'शोले'च्या ७० मिलिमीटरच्या प्रतीत आवाजाचे सहा ट्रॅक होते. घरच्या 'पाच पॉइंट एक'मध्ये समोर तीन स्पीकर, श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे दोन, आणि तो 'पॉइंट एक' म्हणजे फक्त खर्जाचा वूफर. मोठ्या खोलीत, मागे मोकळी जागा असेल तर त्याची मजा काही औरच! पण ताईच्या घरी सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला कपाट. मागचे स्पीकर ठेवणार कुठे? कपाटावर, पिठाच्या डब्याशेजारी? आणि त्याच पैशांत सहा स्पीकर घ्यायचे म्हटलं की सहाही हलके येतात. मी म्हटलं, दोनच घ्या, पण चांगले घ्या, आणि एक छोटा वूफर. भाच्याने तोंड फुगवलं. बयाणा वळता झाला आणि आम्ही रिक्षाने तीन खोकी घरी आणली.

मग भाच्याला एक गोष्ट सांगितली. ॲलन ब्लुमलाइन नावाचा लंडनचा एक इंजिनिअर होता. सांगतात, की सिनेमा बघताना त्याला खटकलं, नट पडद्यावर या टोकाहून त्या टोकाला जातो, पण आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतो. त्याने १९३१ मध्ये दोन स्पीकरच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. आज आपण जिला स्टिरिओ म्हणतो, ती हीच. (पुढे महायुद्धात विमानातल्या रडारची चाचणी घेताना अपघातात तो गेला, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी.)

स्पीकर मांडायचे कसे? सुतळी घ्या. दोन स्पीकरांमधलं अंतर सहा फूट, आणि प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत तेवढंच किंवा थोडं जास्त. त्रिकोण जमला पाहिजे. स्पीकर शोकेसच्या खणात कोंबू नका, तिथे आवाज घुमतो. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. मग टाळी वाजवा. उघड्या भिंतींच्या खोलीत टाळीला 'टर्रर्र' अशी शेपूट येते. ताईने बाजूच्या भिंतीवर पडदा सोडला आणि दिवाणावर गोधड्यांची चळत ठेवली, शेपूट गेली. गोधडी गाडीचा आवाज अडवत नाही हं, ते काम जाड भिंतीचं. ती फक्त खोलीतला प्रतिध्वनी पिते.

वूफर मात्र हट्टी असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला ५००० कंपनं असलेल्या तीव्र स्वराची लाट होते ६.८ सेंटिमीटर लांब, आणि ५० कंपनांच्या खर्जाची ६.८ मीटर, म्हणजे बावीस फूट. बारा फुटांच्या खोलीत बावीस फुटांची लाट! ती भिंतींवर आपटून परत येते आणि काही जागी दुप्पट होते, काही जागी गायब. भाच्याने मोबाइलवरून ४७ कंपनांचा एकच स्वर वूफरला दिला आणि खोलीच्या लांबीवर चालत गेला. भिंतीजवळ छाती थरथरली आणि बरोबर मध्यावर आवाज जवळजवळ नाहीसा झाला. दहा मिनिटं तो नुसता इकडून तिकडे चालत होता. फुगलेलं तोंड केव्हाच पूर्ववत झालं होतं.

वूफरची जागा शोधायची रीत उलटी आहे. वूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत कोपरे हुंगायचे. जिथे खर्ज भरीव पण स्वच्छ वाटेल, तिथे वूफर ठेवायचा आणि आपण सोफ्यावर परतायचं. आठवीतला मुलगा आणि त्याचे बाबा दोघं रांगताना बघून ताईला हसू आवरेना. जागा सापडली. पण ती नेमकी आजींच्या भिंतीला लागून होती.

आता खरी परीक्षा. भाचा आजींच्या घरी जाऊन आला. "आजी म्हणतात, बोलणं ऐकू येत नाही, पण खाटेला धप धप लागतं." बरोबरच होतं. तीव्र स्वर भिंत अडवते, खर्ज मात्र आरपार जातो. सरकारचे २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. पण आजी डेसिबलमध्ये झोपत नाहीत!

दुसरी जागा निवडली, समोरच्या भिंतीची. खर्ज थोडा कमी भरीव, पण चालण्यासारखा. वूफरखाली रबराची जाड चकती आणि तिच्याखाली चौघडी गोधडी, म्हणजे फरशीतून जाणारा थरथराट कमी होतो. वूफरची कळ निम्म्यावर आणली. भाचा पुन्हा पळाला आणि या वेळी आजींनाच घेऊन आला.

"आता काही नाही. गाडीच काय ती," आजी म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या. पहिला सिनेमा कुठला लावायचा ते त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितला १९५३ सालचा, आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. कृष्णधवल, आणि आवाजाचा ट्रॅक एकच. भाच्याने माझ्याकडे दीनवाणं बघितलं.

पाच मिनिटांनी आजींनी विचारलं, "अरे, स्पीकर बाजूला ठेवलेत, मग आई मधून कशी बोलते?"

भाचा उठला आणि टीव्हीला कान लावला. टीव्हीचा आवाज बंदच होता. तो एका स्पीकरकडे गेला, मग दुसऱ्याकडे, आणि परत सोफ्यावर येऊन बसला.

"मामा, मध्ये तर काहीच नाहीये."

तेवढ्यात गाडी आली. भाच्याने रिमोटचं बटण दाबलं, पडद्यावर श्याम थांबला आणि सगळे गाडी जायची वाट बघत बसले.