थेंबात दोन लोकल, बादलीत माथेरान

नेरळमधल्या एखाद्या गोठ्यात पहाटे धार काढताना दुधाचा एक थेंब बोटावर घ्या. कोमट, पांढरा, अगदी निरागस. पण त्यात गाईच्या अंगातल्या हजारो पेशी आहेत! बहुतेक पांढऱ्या रक्तपेशी, कासेच्या राखणदार. निरोगी कासेच्या दुधात त्या मिलिलिटरला 1 लाख किंवा त्याहून कमी असतात. 2 लाख ओलांडले की डॉक्टर सुप्त कासदाहाचा संशय घेतात. म्हणजे दगडीच, पण अजून न दिसणारी. दूध पांढरंच, सड मऊच आणि गाय निवांत रवंथ करतेय.

तर 2 लाख धरून चालू. मिलिलिटरमध्ये साधारण 20 थेंब, म्हणजे थेंबाला 10 हजार पेशी. सकाळची कर्जत लोकल खच्चून भरली की आत पाचेक हजार माणसं असतात. एका थेंबात दोन लोकल! चहाच्या चमच्यात दोनशे! (आणि एवढी गर्दी असून कुणाचा पाय कुणावर नाही.)

आता 10 लिटरची बादली घ्या. 200 कोटी पेशी! पेशीमागे रुपया ठेवला तर 200 कोटी रुपये. सेकंदाला एक या वेगाने, जेवण-झोप सोडून मोजत बसलात तर 63 वर्षं लागतील. पेशीची रुंदी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. तरी सगळ्या ओळीने मांडल्या तर रांग 20 किलोमीटर! माथेरानची मिनी ट्रेन 1907पासून वळसे घेत घेत जवळपास तेवढंच अंतर चढतेय. दुखणं बळावून आकडा 20 लाखांवर गेला, तर तीच रांग 200 किलोमीटरची. रेल्वेने मुंबईहून पुणं 192. पुणं गाठूनही रांग उरते!

आणि हे दूध तयार होताना? लिटरभर दुधासाठी कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरतं. बादलीसाठी चार-पाच हजार लिटर. उन्हाळ्यात वाडीवर येणारा दहा हजारी टँकर अर्धा रिकामा!

या पेशी दिसणार कशा? 1957 साली कॅलिफोर्नियात एक सोपी युक्ती निघाली. चार वाट्यांचं पॅडल घ्यायचं, प्रत्येक सडाची धार वेगळ्या वाटीत, तेवढंच जांभळट द्रावण ओतायचं आणि गोल फिरवायचं. द्रावणातल्या साबणासारख्या घटकाने पेशी फुटतात, आतला डीएनए बाहेर पडतो आणि पेशी जास्त असतील तर वाटीत चक्क खळ तयार होते. कपड्यांच्या पावडरीच्या पाण्यानेही अंदाज येतो.

ती खळ म्हणजे धागा आहे, धागा! गाईच्या एका पेशीत पावणेदोन मीटरहून जास्त डीएनए. 2 लाख पेशींच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे 360 किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे आणि परतीला ठाणंही मागे पडलेलं. बादलीभर दुधात? 36 लाख किलोमीटर! चंद्रावर चारदा जाऊन यायचं आणि पाचव्यांदा पुन्हा जाऊन पोहोचायचं. एका गाईच्या, एका बादलीत!

मात्र बादलीवर विसंबू नका. तीन सडांत 50-50 हजार आणि चौथ्यात 5 लाख असले, चारही सडांचं दूध सारखंच आलं, तर बादलीची सरासरी 1 लाख 62 हजार निघते, म्हणजे सगळं आलबेल! तेव्हा उद्या धार काढताना चारही सड वेगवेगळे तपासा.